मटिल्डा क्लोव्हरचा मृत्यूचा दाखला : लंडन, १८९१

जुनी नोंदवही (धागाकर्ती)

मृत्यूच्या दाखल्यावर 'मृत्यूचे कारण' असा एक रकाना असतो. मी ३२ वर्षे जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात होते आणि त्या रकान्यात एकदा काही लिहिले गेले की ते पुन्हा कोणी वाचत नाही, हे मी रोज पाहिले आहे. ओल्ड बेली न्यायालयाच्या कामकाजाचे जुने वृत्तांत आता जालावर खुले आहेत. त्यात लॅम्बेथच्या विषप्रयोगांचा १८९२ चा खटला वाचू लागले, तेव्हा खुन्यापेक्षा मला एका दाखल्यानेच धरून ठेवले. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

२१ ऑक्टोबर १८९१ रोजी सकाळी नऊच्या सुमारास लंडनमध्ये, थेम्सच्या दक्षिणेला, २७ लॅम्बेथ रोड या घरात मटिल्डा क्लोव्हर ही २७ वर्षांची स्त्री वारली. ती देहविक्रय करून पोट भरत असे आणि तिला दोन वर्षांचा मुलगा होता. तिच्या दाखल्यावर पहिले कारण डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे अतिमद्यपानातून येणारा कंप आणि भ्रम, असे लिहिले गेले व दुसरे कारण मूर्च्छा. दाखला देणारे डॉ. ग्रॅहम तिच्यावर दारूच्या व्यसनासाठी काही दिवस उपचार करत होते, पण मरणाच्या वेळी त्यांनी तिला पाहिलेच नव्हते. पाहिले होते ते दुसऱ्या एका डॉक्टरच्या मदतनिसाने, ज्याच्याकडे वैद्यकीची पदवी नव्हती. त्याने सांगितले, डॉक्टरांनी लिहिले, आणि सहा दिवसांनी टूटिंगच्या दफनभूमीत सार्वजनिक खर्चाने तिला मूठमाती मिळाली.

त्या घरात लूसी रोझ नावाची मोलकरीण होती. आदल्या संध्याकाळी मटिल्डाच्या नावाने आलेली चिठ्ठी तिने वाचली होती. त्यात कँटरबरी म्युझिक हॉलबाहेर साडेसातला भेट, येताना ही चिठ्ठी पाकिटासकट परत आण, असे लिहून खाली 'फ्रेड' अशी सही होती. पत्र लिहिणारा पत्र परत मागतो, ही गोष्ट लूसीच्या लक्षात राहिली. रात्री मटिल्डा त्या माणसाला घेऊन आली, तेव्हा दार उघडणारी लूसीच होती. दिवाणखाना वगैरे काही नसलेल्या त्या घरातल्या अरुंद वाटेवर जळत असलेल्या रॉकेलच्या छोट्या दिव्याच्या उजेडात तिने उंच, धिप्पाड, मिशा असलेला, रेशमी टोपी आणि झगेवजा कोट घातलेला माणूस पाहिला. तो गेला. पहाटे तीनच्या सुमारास किंकाळ्यांनी घर जागे झाले. मटिल्डा पलंगाच्या पायथ्याशी आडवी पडली होती आणि तिचे डोके पलंग आणि भिंत यांच्यामध्ये अडकले होते. झटके येत आणि थांबत. ते थांबले की ती शुद्धीवर बोलत असे, आणि त्या शुद्धीतच तिने लूसीला सांगितले की त्या मेल्या फ्रेडने मला गोळ्या दिल्या आणि त्यांनीच माझे हे असे झाले.

मरणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या तोंडाने कारण सांगितले, ऐकणारीला तो माणूस दिसलेला होता, आणि तरीही रकान्यात दारू लिहिली गेली. मला सारखे वाटते की या प्रकरणाचे सगळे रहस्य त्या पहाटेच उलगडले होते, फक्त ते एका मोलकरणीच्या तोंडी होते.

दारू लिहिली गेली ती लॅम्बेथमध्ये विषप्रयोगाची गोष्ट कोणाच्या कानावर आली नव्हती म्हणून, असेही नाही. आठच दिवसांपूर्वी, १३ ऑक्टोबरला, एलन डॉनवर्थ ही १९ वर्षांची मुलगी वॉटर्लू रोडवर कोसळली होती आणि रुग्णालयात नेताना वाटेतच गेली होती. तिनेही मरताना सांगितले होते की उंच, तिरळ्या डोळ्यांच्या, रेशमी टोपीवाल्या एका माणसाने बाटलीतून पांढरे काहीतरी पाजले. तिच्या शवचिकित्सेत स्ट्रिक्निन हे तीव्र विष सापडले आणि कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीत ते नोंदलेही गेले. वॉटर्लू रोडपासून लॅम्बेथ रोड पायी जाण्याच्या अंतरावर आहे. एका आठवड्यात, एकाच वस्तीत, एकाच प्रकारचे जीवन जगणाऱ्या दोन तरुण स्त्रिया आचके देत मेल्या, दोन्ही वेळी एका उंच माणसाचा उल्लेख आला, आणि दुसरीच्या वेळी कोणी पहिलीचे नावसुद्धा काढले नाही.

यानंतर जे घडले ते वाचताना मी दोन वेळा उठून फेऱ्या मारल्या. २८ नोव्हेंबर १८९१ या तारखेचे एक पत्र डॉ. विल्यम ब्रॉडबेंट या लंडनमधल्या नामवंत डॉक्टरांना आले. खाली 'एम. मलोन' अशी सही. मिस क्लोव्हर ही स्त्री लॅम्बेथ रोडवरच्या घरात स्ट्रिक्निनच्या विषाने मेली, ते विष तुम्ही दिल्याचा पुरावा माझ्याकडे आहे, अडीच हजार पौंड द्या, असा मजकूर. ब्रॉडबेंट यांनी ते पत्र लगेच स्कॉटलंड यार्डला दिले. पोलिसांनी पैसे मागणाऱ्याला पकडण्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सापळा लावला, कोणी आले नाही, आणि एखाद्या माथेफिरूचे पत्र म्हणून ते फाइलीत गेले. पत्रात नाव होते, घराचा क्रमांक होता, मृत्यूची तारीख होती, विषाचे नाव होते. त्या पत्त्यावर जाऊन अशी कोणी बाई मेली का, एवढे विचारायला कोणी गेले नाही. गेले असते, तर दार लूसी रोझने किंवा तिच्या मालकिणीने उघडले असते, आणि पहिला प्रश्न उभा राहिला असता तो असा, की जिचा मृत्यू साऱ्या लंडनच्या लेखी दारूने झाला आहे, तिला स्ट्रिक्निन दिल्याचे या पत्रलेखकाला कसे ठाऊक?

हा प्रश्न पडायला साडेचार महिने लागले. मधल्या काळात तो माणूस कॅनडाला जाऊन परतसुद्धा आला. १२ एप्रिल १८९२ च्या पहाटे ११८ स्टॅम्फर्ड स्ट्रीट इथे अ‍ॅलिस मार्श आणि एमा श्रिव्हेल या दोघी, वय २१ आणि १८, त्याच प्रकारे तडफडत मेल्या. ब्रायटनहून आलेल्या होत्या. 'फ्रेड' नावाच्या डॉक्टरने प्रत्येकीला तीन लांबट गोळ्या दिल्याचे त्यांनी सांगितले. आधी संशय रात्री खाल्लेल्या डबाबंद सामन माशावर गेला. पण या वेळी रस्त्यावर गस्त घालणाऱ्या कॉम्ले नावाच्या शिपायाने पावणेदोनच्या सुमारास त्या घरातून एक माणूस बाहेर पडताना पाहिला होता आणि तो चेहरा त्याने लक्षात ठेवला.

त्याच सुमारास बार्नस्टेपलच्या डॉ. हार्पर यांना पत्र आले की तुमच्या मुलाने या दोघींना विष दिले, दीड हजार पौंड द्या. मुलगा सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये वैद्यकी शिकत होता आणि १०३ लॅम्बेथ पॅलेस रोड इथे खोली घेऊन राहत होता. त्याच घरात 'डॉ. थॉमस नील' नावाचा गृहस्थ भाड्याने राहत होता. उंच, तिरळा, रेशमी टोपी वापरणारा, आणि विषप्रयोगांविषयी सतत बोलणारा. त्याचे पूर्ण नाव थॉमस नील क्रीम. हेन्स नावाच्या एका ओळखीच्या माणसाला त्याने हौसेने त्या सगळ्या घरांसमोर नेऊन इथे अमकी मेली, इथे तमकी मेली, असे दाखवले, आणि त्या यादीत क्लोव्हरचे नाव होते. हेन्सने ते पोलिसांना सांगितले. तेव्हा कुठे ते जुने पत्र फाइलीतून निघाले.

५ मे १८९२ रोजी टूटिंगला, एकाच खड्ड्यातल्या इतरांच्या शवपेट्या बाजूला काढून, मटिल्डाचे शव वर आणले गेले. डॉ. थॉमस स्टीव्हनसन यांनी अवयवांची तपासणी केली. रंगबदलाची रासायनिक चाचणी, जिभेवर कडवटपणाची चाचणी, आणि अर्काची सुई दिलेला बेडूक स्ट्रिक्निनच्या झटक्यांनी मेला. हाती आले ते सुमारे १/१६ ग्रेन, म्हणजे चार मिलिग्रॅम. सहा महिन्यांहून अधिक काळ जमिनीत राहूनही तेवढे शिल्लक होते.

इन्स्पेक्टर टनब्रिज यांनी ३ जूनला क्रीमला अटक केली, तीही आधी खंडणीच्या पत्राच्या आरोपावरून. इन्स्पेक्टर जार्व्हिस अमेरिका आणि कॅनडाला गेले, आणि मागच्या पंधरा वर्षांचा इतिहास बाहेर येऊ लागला. तो इतिहास मला या चार मृत्यूंइतकाच महत्त्वाचा वाटतो. हा माणूस मॅकगिल विद्यापीठातून १८७६ मध्ये डॉक्टर झाला. १८७९ मध्ये कॅनडाच्या ओंटारियोतल्या लंडन गावात त्याच्या दवाखान्यामागच्या शौचकूपात केट गार्डनर ही तरुणी क्लोरोफॉर्मने मेलेली सापडली. चौकशीत 'अज्ञात व्यक्तीकडून खून' असे ठरले, त्याच्यावर खटला झाला नाही, तो शिकागोला गेला. १८८० मध्ये तिथे मेरी अ‍ॅन फॉकनर गर्भपातानंतर मेली. हॅटी मॅक या कृष्णवर्णीय सुईणीने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, पण ज्यूरीने डॉक्टरवर विश्वास ठेवला आणि तो सुटला. १८८१ मध्ये डॅनियल स्टॉट हा अपस्माराचा रुग्ण मेला. मृत्यू नैसर्गिक म्हणून नोंदला गेला होता, पण क्रीमने स्वतःच कॉरोनरला कळवले की औषधविक्रेत्याच्या चुकीने हे झाले, शव उकरा. उकरले, स्ट्रिक्निन निघाले, आणि क्रीमला जन्मठेप झाली. स्त्रियांच्या मृत्यूंनंतर तो दोनदा मोकळा सुटला होता, शिक्षा झाली ती पुरुष मेला तेव्हा. आणि तीही पूर्ण भोगली नाही. घरच्यांच्या विनंत्यांवरून इलिनॉयच्या गव्हर्नरने शिक्षा कमी केली आणि जुलै १८९१ च्या अखेरीस तो जोलिएटच्या तुरुंगातून बाहेर आला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो लॅम्बेथला पोहोचला होता.

१८८१ आणि १८९१ या दोन्ही वेळी जो खून कोणाच्या ध्यानीमनी नव्हता, तो उघडकीस आला तो खुन्याच्याच पत्रामुळे. तो गप्प बसला असता तर मटिल्डा क्लोव्हर आजही त्या नोंदवहीत दारूनेच मेलेली असती.

लिहिण्यासारखे अजून पुष्कळ आहे, विशेषतः लू हार्वीबद्दल. प्रतिसादांत लिहीन. या प्रकरणाच्या वैद्यकीय आणि कायद्याच्या बाजूंवर जाणकारांनी जरूर लिहावे.

---

सांजसावली

ताई, अतिशय मन लावून लिहिलेला धागा. एक शंका विचारते. फासाचा दोर ओढला जात असताना या माणसाने आपणच लंडनच्या व्हाइटचॅपेलमधला खुनी 'जॅक द रिपर' असल्याचे सांगितले, असे अनेक ठिकाणी वाचले आहे. त्यात तथ्य आहे का?

---

जुनी नोंदवही

नाही. व्हाइटचॅपेलचे ते खून १८८८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचे आहेत आणि क्रीम १८८१ पासून १८९१ पर्यंत इलिनॉयच्या तुरुंगात होता. ती आख्यायिका फाशी देणाऱ्याच्या नावावर सांगितली जाते. मला तिच्याविषयी तक्रार आहे ती निराळ्या कारणाने. या प्रकरणाची चर्चा कुठेही निघाली की दहा मिनिटांत ती त्या वाक्यावर येते, आणि मटिल्डा, एलन, अ‍ॅलिस, एमा या चौघींची नावे पुन्हा मागे पडतात. म्हणून या धाग्यावर तो विषय इथेच थांबवावा अशी विनंती करते.

---

वैद्यकी

मी चाळीस वर्षे प्रॅक्टिस केली आहे, म्हणून वैद्यकीय बाजू थोडक्यात मांडतो. डिलिरियम ट्रेमेन्समध्ये रुग्ण भ्रमिष्ट होतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसतात, हातापायांना कंप सुटतो, आणि ही अवस्था सहसा दोन-तीन दिवस वाढत जाते. स्ट्रिक्निनमध्ये नेमके उलट असते. हे विष पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर काम करते. स्नायूंना आवर घालणारे संदेश थांबतात आणि साध्या स्पर्शाने किंवा आवाजानेसुद्धा सारे शरीर धनुष्यासारखे ताठते. पण मेंदूची जाणीव शेवटपर्यंत शाबूत राहते, आणि हेच त्या मरणातले सर्वांत क्रूर अंग आहे. दोन झटक्यांच्या मध्ये रुग्ण स्पष्ट बोलू शकतो, माणसे ओळखतो, आपल्याला काय होते आहे ते सांगतो.

धाग्यातले लूसी रोझचे कथन मी याच दृष्टीने वाचले. झटका, मग विराम, विरामात शुद्धीचे बोलणे, पुन्हा झटका. तिने जे सांगितले तेच खरे निदान आहे. शिकलेल्या माणसाने लूसीला फक्त दोन प्रश्न विचारले असते, मटिल्डा मधल्या वेळात नीट बोलत होती का आणि तिने काय खाल्ले होते, तर दारूचे निदान टिकले नसते.

गोळीविषयीही सांगायला हवे. स्ट्रिक्निन इतके कडू असते की एका घोटात ओळखू येते. एलन डॉनवर्थला ते पातळ स्वरूपात पाजले होते आणि तिने ते लगेच सांगितले. नंतरच्या तिघींना लांबट गोळ्या मिळाल्या. जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये कडवटपणा जिभेला लागत नाही आणि पोटात ती विरघळेपर्यंत देणारा निघून गेलेला असतो. डॉक्टर म्हणून या बाबीची मला फार लाज वाटते, कारण कडू औषध रुग्णाला सुसह्य व्हावे म्हणून आमच्याच व्यवसायाने काढलेली ती सोय होती.

---

कातळवाट

वैद्यकी काकांनी कडवटपणाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. स्ट्रिक्निन ज्या झाडापासून मिळते ते आपल्या कोकणातले आणि गोव्यातले काजऱ्याचे झाड आहे. वैद्य त्याला कुचला म्हणतात. आमच्या घराच्या मागच्या गडग्यापलीकडे एक जुने काजऱ्याचे झाड आहे. फळ पिकले की नारिंगी होते, लहान संत्र्याएवढे, आणि दिसायला इतके आकर्षक की लहानपणी आम्हाला त्या बाजूला एकटे जाऊ देत नसत. फळ फोडले की गरात चपट्या, गोल बिया असतात, कोटाच्या बटणासारख्या, मध्ये किंचित खोलगट, आणि त्यांच्यावर राखाडी रंगाची रेशमी लव असते. बोट फिरवले तर मखमलीसारखी लागते. आजी म्हणायची, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नकोस. आयुर्वेदात कुचला वापरतात, पण शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करणारी प्रक्रिया, केल्याशिवाय मुळीच नाही.

फ्रान्समधल्या पेल्तिये आणि काव्हांतू या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ मध्ये स्ट्रिक्निन वेगळे काढले आणि पुढे कुचल्याच्या बिया हिंदुस्थानातून युरोपला जात राहिल्या. तिकडे उंदीर मारायलाही ते वापरत आणि शक्तिवर्धक औषधातही अल्प प्रमाणात घालत. ताई, एवढे तीव्र विष या माणसाला इतक्या सहज कसे मिळाले?

---

जुनी नोंदवही

कातळवाट, काजऱ्याचे वर्णन वाचून फार बरे वाटले, कारण आतापर्यंत माझ्यासाठी ते विष म्हणजे कागदावरचा एक शब्द होता.

मिळाले ते रीतसर मिळाले. १८६८ च्या फार्मसी कायद्याने विष विकताना नोंदवहीत सही घेणे बंधनकारक होते. क्रीमने पार्लमेंट स्ट्रीटवरच्या औषधाच्या दुकानातून कुचल्याचा अर्क घेतला, स्वतः डॉक्टर असल्याचे सांगितले, 'थॉमस नील, एम. डी.' असे लिहून खरा पत्ताही दिला. रिकाम्या कॅप्सूलही तिथूनच घेतल्या. कायदा धरून होता ती भीती अनोळखी गिऱ्हाइकाची. नावापुढे पदवी दिसली की नोंदवही मिटत असे. शिवाय परतताना त्याने अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या नमुन्यांची चामडी पेटी आणली होती आणि तीत स्ट्रिक्निनच्या गोळ्या होत्या.

आता लू हार्वीबद्दल. ऑक्टोबर १८९१ मध्येच तो तिला भेटला. तिच्या कपाळावर काही पुटकुळ्या होत्या, त्यांवर औषध आणतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी रात्री चेरिंग क्रॉसजवळ थेम्सच्या बांधावर दोघांची भेट ठरली. तिला संशय आला होता म्हणून तिच्यासोबत राहणारा माणूस थोड्या अंतरावर उभा राहिला. क्रीमने खायला अंजिरे दिली आणि मग दोन लांबट गोळ्या तिच्या तळहातावर ठेवून म्हणाला, चावू नकोस, गिळ. तिने हात तोंडाकडे नेला, गिळल्यासारखे केले आणि गोळ्या दुसऱ्या हातात घेऊन पाठीमागे नदीत टाकल्या. त्याने हात दाखव म्हटले. तिने आधी एक, मग दुसरा हात उघडून दाखवला. दोन्ही रिकामे. मग म्युझिक हॉलला जा म्हणून त्याने पाच शिलिंग दिले आणि निघून गेला.

ती मेली अशी त्याची खात्री होती. हेन्सला सांगितलेल्या यादीत तिचेही नाव होते, म्हणून पोलिसांनी मृत्यूंच्या नोंदी चाळल्या आणि तिचे नाव कुठेच मिळेना. ती जिवंत होती, काही आठवड्यांनी तर तिने त्याला रस्त्यात गाठून 'ओळखले नाही का, मी लू हार्वी' असे म्हटले होते आणि तो झपाट्याने चालता झाला होता. वर्तमानपत्रात चौकशीची बातमी वाचून तिने आपण होऊन पत्र लिहिले. कोर्टात उभी राहून गोळी कशी होती, तो काय म्हणाला, हे सांगू शकणारी ती एकटीच होती.

एलिझाबेथ मास्टर्स आणि एलिझाबेथ मे या दोघींचे नावही घ्यायला हवे. त्यांनी खिडकीतून पाहिले होते की तो माणूस मटिल्डाच्या मागे मागे चालला आहे. त्या दोघी खाली उतरून त्याच्या मागे गेल्या आणि तो तिच्या घरात शिरेपर्यंत पाहत राहिल्या. नंतर पोलिसांसमोर त्यांनी त्याला ओळखले. लूसी, लू आणि या दोन एलिझाबेथ, यांच्याखेरीज खटला उभाच राहिला नसता. माझ्या दृष्टीने या प्रकरणातल्या गुप्तहेर याच आहेत.

---

दुसरी बाजू

लेख उत्तम आहे, तरी थोडा मतभेद नोंदवतो. निकाल माहीत असताना मागे वळून दोष देणे सोपे असते. डॉ. ग्रॅहम त्या बाईवर दारूसाठीच उपचार करत होते, मग तिचा मृत्यू त्याच कारणाने झाला असे त्यांना वाटणे स्वाभाविक नव्हे काय? स्कॉटलंड यार्डलाही अशी विक्षिप्त पत्रे ढिगाने येत असणार. प्रत्येक पत्रामागे माणूस पाठवणे कोणत्या पोलीस दलाला शक्य आहे? अखेर त्याच यंत्रणेने शव उकरले, विष शोधले, अधिकारी अटलांटिकपलीकडे पाठवला आणि सहा महिन्यांत गुन्हेगाराला फासावर नेले. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

---

जुनी नोंदवही

श्रेय नक्की द्यायला हवे आणि टनब्रिज, जार्व्हिस, स्टीव्हनसन यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. कॉम्ले या साध्या शिपायाबद्दल तर विशेष, कारण त्याने अंधारात एकदा पाहिलेला चेहरा आठवड्यांनंतर कँटरबरी म्युझिक हॉलजवळ ओळखला.

पण तुमच्या दोन्ही मुद्द्यांना मी नोंदणीच्या कामातल्या अनुभवातून उत्तर देते. आदल्या उपचारांवरून कारण लिहायचे असेल, तर मेलेल्या माणसाला पाहण्याची गरजच उरत नाही, आणि त्या काळच्या कायद्यात ती खरोखरच नव्हती. हे छिद्र एका डॉक्टरच्या स्वभावातले नव्हते. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेला मृत्यूच्या दाखल्यांवर खास समिती नेमावी लागली, यावरून त्याची व्याप्ती लक्षात यावी. माझ्या नोकरीत एकदा एका फुटपाथवर राहणाऱ्या बाईचा दाखला आला होता. कारण 'अशक्तपणा', वय 'अंदाजे ४०', नाव कोरे. तिच्याबरोबर आलेली दुसरी बाई काहीतरी सांगू पाहत होती. रांग मोठी होती. मी शिक्का मारला. त्या बाईला काय सांगायचे होते हे मला कधीच कळले नाही आणि म्हणूनच लूसी रोझवर मी एवढे लिहिते आहे.

पत्रांविषयी म्हणाल, तर ब्रॉडबेंट यांच्या पत्रातला पत्ता पडताळायला अटलांटिक ओलांडावा लागत नव्हता. स्कॉटलंड यार्डपासून पूल ओलांडला की लॅम्बेथ. त्या पत्रात 'क्लोव्हर'ऐवजी एखाद्या सरदारकन्येचे नाव असते, तर ते फाइलीत पडून राहिले असते, असे तुम्हाला मनापासून वाटते का?

---

दुसरी बाजू

नाही. तेवढ्यापुरते तुमचे म्हणणे मान्य करतो.

---

न्यायदालन

मी फौजदारी बाजूला वकिली करतो, म्हणून कायद्याचे दोन मुद्दे मांडतो, कारण या खटल्याचा पुढच्या कायद्याशी जवळचा संबंध आहे.

पहिला मुद्दा असा की १७ ऑक्टोबर १८९२ ला ओल्ड बेलीत खटला चालला तो फक्त मटिल्डा क्लोव्हरच्या खुनाचा. इतर तिघींचे मृत्यू आणि लू हार्वीवरचा प्रयत्न यांचा पुरावा ज्यूरीपुढे यावा की नाही, यावर बचाव पक्षाचा साहजिकच आक्षेप होता. एका गुन्ह्याच्या खटल्यात दुसरे गुन्हे दाखवले की ज्यूरी माणसाच्या एकूण वाईटपणावरून निकाल देते, ही भीती खरी आहे. न्यायमूर्ती हॉकिन्स यांनी तो पुरावा घेऊ दिला. एकट्या क्लोव्हरच्या प्रकरणात बचावाला गोळी चुकून दिली गेली किंवा कारण दुसरेच होते, असे म्हणता आले असते. तेच विष, तसाच माणूस, तेच झटके चौघींच्या बाबतीत दिसले की 'चुकून' हा शब्द टिकत नाही. पुढे १८९४ च्या मेकिन खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, याच स्वरूपाच्या पुराव्याविषयी जो नियम घालून दिला तो दीर्घकाळ इंग्रजी कायद्याचा पाया राहिला. आपल्याकडे मात्र १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५ मध्ये हे तत्त्व आधीच लिहिलेले होते. कृत्य अपघाताने घडले की हेतूने, असा प्रश्न असेल तेव्हा तशाच घटनांची मालिका दाखवता येते. त्या कलमाचे उदाहरण तर वाचण्यासारखे आहे. एक माणूस एकामागून एक घरांत राहतो, प्रत्येकाचा विमा उतरवतो, आणि प्रत्येकाला आग लागते.

दुसरा मुद्दा मरणोन्मुख व्यक्तीच्या निवेदनाचा. इंग्रजी कायद्यात असे निवेदन पुराव्यात यायचे तर बोलणाऱ्याला आपण आता मरणारच अशी पक्की खात्री झालेली असणे आवश्यक होते. गोळ्यांनी मला आजारी केले, एवढेच म्हणणारी पण मरणाची आशंका न दाखवणारी व्यक्ती असेल, तर तिचे शब्द बाहेर राहण्याचा धोका असे. आपल्या १८७२ च्या कायद्याच्या कलम ३२ ने ही अट ठेवली नाही. मृत्यूच्या कारणाविषयी मृत व्यक्ती जे बोलली ते घेता येते, मग बोलताना तिला मरणाची अपेक्षा असो वा नसो. हुंडाबळीच्या कितीतरी प्रकरणांत आमच्या हाती तेवढेच असते, जळालेल्या बाईने शेजारणीला किंवा बहिणीला सांगितलेले एक वाक्य. ताईंचा धागा वाचताना लूसी रोझ मला अनोळखी वाटली नाही.

आणखी एक. १८९८ पर्यंत इंग्लंडमध्ये आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देताच येत नसे. त्यामुळे इतकी पत्रे लिहिणारा हा माणूस खटल्यात गप्प बसला होता आणि बोलल्या त्या लूसी, लू आणि त्या दोघी एलिझाबेथ.

---

सांजसावली

ताई, शेवटचा प्रश्न. दाखल्याचे पुढे काय झाले? दारू हे कारण तसेच राहिले का?

---

जुनी नोंदवही

खटल्याआधी कॉरोनर ब्रॅक्स्टन हिक्स यांनी टूटिंगला मटिल्डाच्या मृत्यूची चौकशी घेतली. तिथे लूसी रोझला अधिकृतपणे विचारले गेले की त्या रात्री काय झाले. तिने चिठ्ठीचे सांगितले, दिव्याचे सांगितले, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या डोक्याचे सांगितले आणि गोळ्यांचे सांगितले. १३ जुलै १८९२ रोजी कॉरोनरच्या ज्यूरीने निर्णय दिला की मटिल्डा क्लोव्हरचा मृत्यू स्ट्रिक्निनच्या विषाने झाला आणि ते थॉमस नीलने जीव घेण्याच्या हेतूने दिले. ऑक्टोबरमध्ये ओल्ड बेलीच्या ज्यूरीला दोषी ठरवायला दहा-बारा मिनिटे लागली आणि १५ नोव्हेंबरला न्यूगेटच्या तुरुंगात क्रीमला फाशी झाली. पण माझ्या कामाच्या दृष्टीने तारीख १३ जुलैचीच आहे. लूसीने २१ ऑक्टोबरच्या पहाटे ऐकलेले कारण त्या दिवशी, जवळजवळ नऊ महिन्यांनी, पहिल्यांदा सरकारी कागदावर आले.